पाव की पूर?

आज कोड नाही, इंटरव्ह्यू नाही, नोटीस पिरियडची रडकथाही नाही. आज माझ्या कातडीबद्दल बोलायचंय. हा एपिसोड मी सहा महिने पुढे ढकलत होतो. कारण असं आहे की या विषयावर मी पूर्वी भरपूर बोललोय, लोकांना सल्ले दिलेत, आणि त्यातले बरेचसे चुकीचे होते.

माझ्या फोनमध्ये एक एक्सेल शीट आहे. नाव 'खाणं'. डाव्या बाजूला त्या दिवशी काय काय खाल्लं, उजव्या बाजूला अंगावर किती चट्टे. ही शीट मी तीन वर्षं भरली. त्यातली पहिली दोन वर्षं जवळपास वाया गेली.

ज्यांना सोरायसिस माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. आपल्या त्वचेची नवीन पेशी खालून वर यायला आणि झडून जायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा चुकीचे सिग्नल देत राहते आणि तेच काम चार-पाच दिवसांत उरकलं जातं. मग पेशींचे थरावर थर साचतात. लाल चट्टा, त्यावर चंदेरी पापुद्रे. खाजवलं की भुसा पडतो. हा संसर्गजन्य नाही. माझ्या शेजारी बसा, माझ्या ताटात जेवा, माझा टॉवेल वापरा (वापरू नका, पण ते वेगळ्या कारणासाठी), तुम्हाला काही होणार नाही.

माझं २०१९ मध्ये कळलं. बीटेक होऊन एक वर्ष झालं होतं, पुण्यात पहिली नोकरी. वर्षभर मी त्याला कोंडाच समजत होतो. सलूनवाला दर वेळी म्हणायचा, 'साहेब, कोंड्याचं बघा काहीतरी.' मी शाम्पू बदलत राहिलो. काळे टी-शर्ट घालायचे बंद केले. मग कोपरांवर आलं, गुडघ्यांवर आलं, तेव्हा गेलो स्किनच्या डॉक्टरांकडे. मॅडमनी दोन मिनिटांत नाव सांगितलं, मलम दिलं, आणि मी दारात उभा राहून तो प्रश्न विचारला जो आपण सगळेच विचारतो: 'मॅडम, पथ्य काय?'

त्या म्हणाल्या, 'पोट कमी करा, दारू-सिगरेट नको. बाकी सगळं खा.'

मला राग आला, खरंच. माझं वजन तेव्हा ८४ किलो, उंची पाच फूट सात. पोट कमी करा हे तर सगळेच सांगतात, त्यासाठी आठशे रुपये कशाला द्यायचे? मला यादी हवी होती. इंजिनियर माणूस आहे, इनपुट काय चुकतंय ते सांगा, मी काढून टाकतो.

याद्या मिळाल्या. मागायचीही गरज पडली नाही. आत्या म्हणाली आंबट बंद कर. मामी म्हणाली मीठ कमी. रूममेट म्हणाला ग्लूटेन, म्हणजे गहू. एका व्हिडिओत सांगितलं होतं की वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची हे सगळं एकाच कुळातलं, ते विषच. दुसऱ्या व्हिडिओत दूध आणि दही. आणि घरात एक जुनी समजूत होतीच, माशांवर दूध प्यायलं की कोड उठतं, चट्टे उठतात. सगळ्या याद्या एकत्र केल्या तेव्हा खायला उरलं काय, तर मूग, भात, ज्वारी आणि दुधी भोपळा. नारळ वाचला, कारण नारळाबद्दल सगळे एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी मी घरी पोचलो. घर चिपळूणला. खाली बाबांचं दुकान, शिवणाचं सामान, म्हणजे बटणं, लेस, चेन, दोऱ्याची रिळं. वर आम्ही. एप्रिलपासून मी यादीतलं सगळं एकदम बंद केलं. आई माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करायची. ज्वारीची भाकरी, दुधी. मासे तर घरात येणंच थांबलं. मला वाटलं लॉकडाऊनमुळे.

आणि मंडळी, फरक पडला. जूनपर्यंत कोपरं स्वच्छ! डोकं स्वच्छ. मी फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा, आणि जो भेटेल त्याला, म्हणजे व्हिडिओ कॉलवर भेटेल त्याला, दाखवले. 'गहू सोडा' असं मी किमान वीस लोकांना सांगितलं असेल. मलम बंद केलं. मॅडमची पुढची अपॉइंटमेंट फोनवर होती, तीही घेतली नाही. कशाला?

आता त्या दोन-तीन महिन्यांत आणखी काय काय बदललं होतं ते सांगतो. शीटमध्ये याचा एकही कॉलम नव्हता. मी रोज सकाळी तासभर गच्चीवर उघडा बसायचो, कारण आई आंबापोळी घालायची आणि कावळे हाकलायला कुणीतरी लागायचं. एप्रिल-मेचं कोकणातलं ऊन. सोरायसिसवर दवाखान्यात मोजून मापून अतिनील किरण देतात, तो रीतसर उपचार आहे. मी तो फुकटात घेत होतो, कावळ्यांच्या कृपेने. शनिवारच्या बियर बंद होत्या, कारण दुकानंच बंद होती. झोप आठ तास. हिंजवडीचा ट्रॅफिक शून्य. वजन ८४ वरून ७८ वर आलं. आणि पहिले पाच आठवडे मी मलमही लावत होतो.

म्हणजे एकाच रिलीजमध्ये पंधरा बदल ढकलले, बग गेला, आणि मी म्हणालो की ती गव्हाची ओळ काढली म्हणून गेला. ऑफिसमध्ये कुणी असं केलं असतं तर मी कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढली असती.

शिवाय हा आजार मुळातच भरती-ओहोटीचा. काहीही न करता कमी होतो, काहीही न करता वाढतो. आपण यादी कधी पाळायला लागतो? जेव्हा सगळ्यात जास्त त्रास असतो तेव्हा. त्यानंतर काहीही केलं तरी बऱ्याचदा थोडं खाली येणारच असतं. आणि श्रेय मिळतं दुधी भोपळ्याला.

वर्षभर बरं चाललं. अधूनमधून एखादा चट्टा यायचा, मी शीटमध्ये मागे जायचो आणि गुन्हेगार शोधायचो. मिळायचाच. चार दिवसांपूर्वी चटणीत अर्धी मिरची होती, बरोबर, तीच. गुन्हेगार शोधायला निघालं की तो सापडतोच, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग २२ जुलै २०२१. चिपळूणच्या पुराबद्दल तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. पहाटे आमच्या रस्त्यावर पाणी आलं, आणि सकाळी खालचं दुकान गेलं. गेलं म्हणजे बुडालं. आम्ही तिघं वरून बघत होतो. लेसची रिळं पाण्यावर उलगडत चालली होती, ते दृश्य मी विसरणार नाही. बाबा एक शब्द बोलले नाहीत. वीज नाही, फोन नाही. पाणी उतरल्यावर दारापासून गल्ल्यापर्यंत गुडघाभर चिखल. पुढचे दोन आठवडे आम्ही फक्त चिखल काढत होतो, गमबूट घालून, फावड्याने. मदत घेऊन येणाऱ्यांनी जे दिलं ते खाल्लं. पाव, बिस्किटं, वडापाव, फरसाण, दुधाचा चहा. त्या वेळी 'मला ग्लूटेन चालत नाही' म्हणायची कुणाची टाप आहे?

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात माझी पाठ भरली. नडग्या भरल्या. डोक्यातून खपल्या पडायला लागल्या, पूर्वी कधी नव्हत्या इतक्या. मी शीट उघडली आणि लिहिलं: पाव.

पूर नाही लिहिलं. शीटमध्ये पूर लिहायला जागाच नव्हती.

पुढे मॅडमनी एक गोष्ट समजावून सांगितली. सोरायसिस असलेल्या कातडीला जिथे घासटलं, खरचटलं, तिथेच नवीन चट्टा उठू शकतो. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे नोंदवलं, म्हणून त्याला कोबनर परिणाम म्हणतात. माझ्या नडग्यांवरचे चट्टे कुठे होते? बरोबर गमबुटाची कड जिथे घासायची तिथे. रेघ मारल्यासारखे. वर ताण, दोन आठवडे धड झोप नाही, मध्येच घसा बसून ताप येऊन गेला होता, आणि घशाचा संसर्गही याला चिथावू शकतो. मलम तर वर्षभर बंदच. एवढं सगळं डोळ्यांसमोर असून मी पावाला फाशी दिली.

आणि शिक्षा आणखी कडक केली. आता फळंही बंद, साखर शून्य, आठवड्यातून दोन दिवस बिनमिठाचं. माणूस एवढा का अडून बसतो, याचा मी नंतर विचार केला. खाणं माझ्या हातात होतं. पूर नव्हता, बाबांचं दुकान नव्हतं, आजारही नव्हता. ताट तेवढं होतं. शिवाय वीस लोकांना सांगून बसलो होतो.

ऑक्टोबरमध्ये उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी आखडायला लागलं. मला वाटलं कीबोर्ड. नवीन कीबोर्ड घेतला, मनगटाखाली उशी घेतली. डिसेंबरपर्यंत ते बोट सुजून सॉसेजसारखं झालं, मुठीत मावेना. मी टोमॅटोला दोष दिला. टोमॅटो तर मी दीड वर्ष खाल्लाही नव्हता, पण आईच्या आमटीत पडला असेल म्हणून तिच्यावर ओरडलो. हो, ओरडलो. ती म्हणाली, 'नाही रे घातला, शपथ.' हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही.

२०२२ च्या सुरुवातीला ऑफिस उघडलं, मी पुण्यात परत आलो, आणि एप्रिलमध्ये एकदाचा मॅडमकडे गेलो. त्यांनी चट्टे नंतर पाहिले, आधी नखं पाहिली. नखांवर बारीक बारीक खड्डे होते. 'अंगुस्तान माहितीये? शिंप्याचं? त्यावर असतात ना, तसे.' शिवणाच्या सामानाच्या दुकानात वाढलेल्या मुलाला विचारत होत्या. मग विचारलं, 'सकाळी बोट किती वेळ आखडलेलं असतं?' मी म्हणालो पाऊण तास, कधी तास. त्यांनी पेन खाली ठेवलं.

सोरायसिस हा फक्त कातडीचा आजार नाही. बऱ्याच जणांना, काही अंदाजांनुसार तीनातल्या एकापर्यंत, पुढे सांध्यांचा त्रास होतो. सोरायटिक आर्थ्रायटिस. वेळेत औषध सुरू केलं तर सांधा वाचतो. उशीर झाला तर झीज होते, आणि झालेली झीज भरून येत नाही. एक्स-रेमध्ये माझ्या त्या बोटाच्या एका सांध्यात झीज दिसली. आजही ते बोट पूर्ण वळत नाही. सहा महिने मी टोमॅटो शोधत होतो.

तुमच्यापैकी कुणाला सोरायसिस असेल आणि सकाळी बोटं, टाच किंवा कंबर अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडून राहत असेल, तर एपिसोड इथेच थांबवा आणि आधी अपॉइंटमेंट घ्या. संधिवाताच्या डॉक्टरांची. एपिसोड कुठे जात नाही.

मला मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून माझ्या फोनवर रविवारचा अलार्म आहे आणि डबीवर बाबांच्या अक्षरात 'फक्त रविवार' लिहिलंय. सोबत फॉलिक ॲसिड, ठराविक काळाने लिव्हरच्या आणि रक्ताच्या तपासण्या. सगळ्यांना हेच औषध लागतं असं नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. हळूहळू बोटाची सूज उतरली, ऑक्टोबरपर्यंत कातडीही शांत झाली.

आणि मग मॅडमनीच सुचवलं, 'तुम्हाला खाण्याचं एवढं आहे ना, मग नीट करा. एका वेळी एक.'

तर आता शीटचं तिसरं वर्ष, जे वाया गेलं नाही. पद्धत साधी. आपला तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. दर रविवारी, त्याच खिडकीत, त्याच वेळी, सगळे चट्टे मिळून किती तळहात भरतात ते मोजायचं. एक पदार्थ सुरू करायचा, सहा आठवडे रोज खायचा, बाकी काहीही हलवायचं नाही. सहा आठवडे एवढ्यासाठी की कातडी सावकाश बोलते. काल खाल्लं आणि आज उठलं असं धरून चाललं की माझ्यासारखी गत होते. नवीन कॉलम टाकले: झोप, ताप-सर्दी, ताण, ऊन, दारू. एका वेळी सर्दी-तापाने अख्खा प्रयोग बिघडला, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

गहू: काही फरक नाही. त्याआधी रक्ताची तपासणीही केली होती, ग्लूटेनची ॲलर्जी म्हणतात तिची, म्हणजे सीलिअॅक आजाराची. निगेटिव्ह. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये आहारावरचे सगळे अभ्यास चाळून शिफारशी काढल्या, त्यात ग्लूटेन सोडायला फक्त अशी तपासणी पॉझिटिव्ह आलेल्यांना सांगितलंय, तेही सौम्य शब्दांत. ठामपणे सांगितलेली गोष्ट एकच. वजन जास्त असेल तर कमी खाऊन ते उतरवा. आठशे रुपयांत मॅडमनी हेच सांगितलं होतं ना?

पोटाची चरबी नुसती पडून राहत नाही, ती दाह वाढवणारी रसायनं सोडत असते. २०१३ मध्ये डेन्मार्कमधला एक प्रयोग छापून आला. वजन जास्त असलेले ६० रुग्ण, १६ आठवडे. अर्ध्यांना अगदी कमी कॅलरीचा आहार, अर्ध्यांना नेहमीचं जेवण. पहिल्या गटाचं वजन दुसऱ्यापेक्षा साधारण १५ किलो जास्त उतरलं. कातडीही त्यांची जास्त सुधारली, पण तो फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर जरासा कमी पडला. रोजचं जगणं मात्र स्पष्टपणे सुसह्य झालं. मला तो प्रयोग आवडतो, कारण त्यात कुणी 'बरा झाला' म्हणत नाहीये. माझं वजन आता ७३ आहे. पोळी, भात, सगळं खाऊन. फक्त कमी.

दूध-दही: फरक नाही. टोमॅटो, वांगं, बटाटा, मिरची: फरक नाही. अर्थात मी औषधावर होतो, म्हणजे बारीकसा परिणाम झाला असेल तर औषधाने तो झाकलाही असेल. एका माणसाच्या शीटने जगाचं काही सिद्ध होत नाही. तुमच्यात कदाचित एखादा पदार्थ खरंच बाधत असेल. पण मग तोच शोधा, पंधरा नको. आणि शोधताना औषध सोडू नका. दारूचा प्रयोग करावाच लागला नाही, त्या गोळीबरोबर ती चालतच नाही.

राहिले मासे.

२०२२ च्या दिवाळीत बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, 'तुझ्या आईने मासे सोडलेत, ठाऊक आहे का तुला?' मी म्हणालो, लॉकडाऊनपासून घरात येतच नाहीत ना. 'तू पुण्याला गेल्यापासून येतात. माझ्यासाठी करते. स्वतः खात नाही. विचारलं तर म्हणते वास नकोसा होतो.' कोकणातली बाई. गुहागरकडची मासेवाली तिची आवाजावरून ओळखीची.

मी तिला विचारलं. आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, 'तू चार वर्षांचा होतास. बांगडा खाल्लास आणि रात्री दूध मागितलंस. मी दिलं. सासूबाई नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही.'

तीन वर्षं ती हे धरून बसली होती. मी ज्या याद्या आणत होतो त्यातली एकेक ओळ तिला आरोपासारखी लागत असणार.

मी समजावलं. म्हटलं, माशांवर दूध पिऊन हा होत नाही, जगात कित्येक ठिकाणी मासे दुधातच शिजवतात. हा थोडा रक्तातून येतो. मग मी विचारलं, तुझे बाबा उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालायचे? ती थांबली. म्हणाली, 'अण्णांना गजकर्ण होतं. हातांवर. जायचंच नाही.' आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मला वाटलं, चला, सुटली. तर म्हणते, 'म्हणजे माझ्याच माहेरचं आलं तुझ्याकडे.'

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

मे २०२३ मध्ये सुट्टी घेऊन आणि थोडं घरून काम करून मी चिपळूणला राहिलो. तिला म्हटलं, शेवटचा प्रयोग आहे, तुझ्याशिवाय होणार नाही. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून मासेवालीशी घासाघीस करण्याचा आवाज आला. बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळं घालून. मला वाढलं, बाबांना वाढलं, आणि उभीच राहिली. मी म्हटलं, तूही बस, प्रयोगात दोन माणसं हवीत. 'काहीतरीच तुझं,' म्हणाली. पण बसली. शेपटीकडचा तुकडा घेतला. बाबा खाली मान घालून जेवत होते, मध्येच म्हणाले, मीठ बरोबर पडलंय.

त्या रविवारी शीटमध्ये अडीच तळहात. सहा आठवड्यांनंतरच्या रविवारी, अडीच.